मुलीला फुटबॉलपटू व्हायचंय? आधी हिशेब मांडा

सांगलीच्या स्मृती मानधनाला २०२३ मध्ये महिला क्रिकेटच्या डब्ल्यूपीएल या लीगच्या पहिल्या लिलावात बंगळूरच्या संघानं ३ कोटी ४० लाखांना घेतलं, आणि तेव्हापासून मुलीला मैदानावर सोडायला येणाऱ्या आईबाबांच्या तोंडी तोच आकडा असतो. फुटबॉलच्या मैदानाबाहेर उभे असलेलेही तोच धरून बसतात. तो आधी डोक्यातून काढा. मुलींच्या फुटबॉलमध्ये लिलाव होत नाही. देशातली सर्वात वरची स्पर्धा म्हणजे इंडियन विमेन्स लीग, आयडब्ल्यूएल. २०१६-१७ मध्ये ती सुरू झाली. २०२३ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघानं या लीगसाठी किमान मानधन ठरवलं: वर्षाला ३ लाख २० हजार, आणि तेही प्रत्येक संघातल्या निदान दहा भारतीय खेळाडूंपुरतं. महिन्याला पडले २६ हजार ६००-७००.

दुसरी गोष्टही आधीच सांगून टाकतो. २०२४-२५ च्या आयडब्ल्यूएलमध्ये आठ संघ होते: कोलकात्याचे ईस्ट बंगाल आणि श्रीभूमी, केरळचा गोकुलम, तमिळनाडूचा सेतू, बंगळूरचा किकस्टार्ट, ओडिशाचे ओडिशा एफसी आणि नीता अकादमी, आणि हॉप्स. महाराष्ट्राचा एकही नाही. एफसी पुणे सिटी, एफसी कोल्हापूर सिटी, कुलाब्याचा पिफा, मुंबई नाइट्स हे संघ वेगवेगळ्या वर्षी या लीगमध्ये खेळले, पण टिकले नाहीत. म्हणजे मुलगी खरोखर चांगली निघाली, तर घर सोडणं आलंच, आणि घर सोडण्याचा खर्चही आला.

म्हणून मुलीला खेळू देऊ नका असं मी म्हणत नाही. घातलेला पैसा बहुतेकींच्या बाबतीत क्लबच्या पगारातून परत येत नाही, तो नोकरीच्या आणि शिक्षणाच्या वाटेनं येतो. खर्चही त्याच बेतानं करावा, एवढंच म्हणणं आहे. खाली दिलेले दर पुणे, मुंबई, कोल्हापूरकडचे आणि ढोबळ आहेत. तुमच्या गावात थोडं इकडंतिकडं होईल.

बूट, मैदान आणि फी

दहा-बारा वर्षांच्या मुलीला महागडे स्टड लागत नाहीत. देशी कंपन्यांचे ७०० ते १,५०० रुपयांत येणारे स्टड चालतात. फक्त मैदान कुठलं ते बघून घ्या. मुरमाच्या किंवा टर्फच्या मैदानावर लांब खुंट्यांचे स्टड घातले की पाय अडकतो आणि वळताना सगळा ताण गुडघ्यावर येतो. तिथं बुटक्या, भरपूर खुंट्यांचे टर्फचे बूट हवेत. मुलगी दोन्हीकडं खेळत असेल तर हजार-हजारचे दोन जोड घ्या. चार हजारांचा एकच जोड घेण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

आपल्याकडं एक खोड आहे: पाय वाढता आहे म्हणून दोन नंबर मोठे बूट घ्यायचे आणि पुढं कापूस कोंबायचा. शाळेच्या बुटांना खपून जातं, स्टडला नाही. आत पाय सरकला की टाचेला फोड येतो, नख काळं पडतं आणि मुलगी चेंडू आतल्या बाजूनं मारायचं टाळायला लागते. प्रशिक्षकाला वाटतं, तंत्र कच्चं आहे. अंगठ्यापुढं अर्धं बोट जागा पुरे, आणि वर्षातून दोनदा बूट बदलायचे हे गृहीत धरा. पंजा अरुंद असेल तर दुकानात दोन-तीन कंपन्यांचे घालून, पळून बघा. फुटबॉलचे बूट आजही बहुतांशी पुरुषांच्या पायाच्या साच्यावर बनतात. युरोपातल्या मोठ्या क्लबांमधल्या महिला खेळाडूंची एक पाहणी झाली, तेव्हा पाचातल्या चौघींनी बूट त्रास देतात असंच सांगितलं होतं.

शिनगार्ड १५० ते ५०० रुपयांना मिळतात आणि ते नियमानं सक्तीचेच आहेत. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू, पुढं पाच नंबरचा. ५०० ते ९०० रुपयांत सरावापुरता चांगला मिळतो. स्पोर्ट्स ब्रा ही गोष्ट बाबांच्या यादीत कधीच नसते आणि आईच्या यादीत ती उशिरा येते. ५०० ते १,२०० रुपयांच्या दोन-तीन लागतात. ती नसली की कित्येक मुली तेराव्या-चौदाव्या वर्षी काही न सांगता मैदानावर यायच्या बंद होतात.

आता फी. खासगी अकादमी शहरात महिन्याला दीड ते पाच हजार घेते. परदेशी क्लबचं नाव आणि जर्सी असली की अजून वर. त्या नावाचे पैसे भरण्यात मला अर्थ वाटत नाही. पंधराशे रुपयांच्या क्लबात आठवड्याला पाच दिवस सराव आणि जिल्हा लीगमधले खरे सामने मिळत असतील, तर तो चार हजारांच्या अकादमीपेक्षा सरस. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: गेल्या हंगामात मुलींचा संघ किती अधिकृत सामने खेळला, प्रशिक्षकाकडं कुठलं लायसन्स आहे, आणि मुलींना कपडे बदलायला जागा कुठं आहे. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला, तर पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं ऐकायची गरज राहत नाही.

मुलींची संख्या कमी असल्यानं बऱ्याच ठिकाणी त्या मुलांबरोबरच सराव करतात. चौदा-पंधरापर्यंत ते फायद्याचंच ठरतं, खेळ वेगवान होतो. पुढं मात्र मुलींचा संघ हवा. मुंबईत एमएफए (आधीची एमडीएफए), पुण्यात पीडीएफए, कोल्हापुरात केएसए या संघटनांकडं मुलींचे कोणते क्लब नोंदलेले आहेत याची चौकशी करा. कोल्हापुरात तर हे कुणाला शिकवायला नको; तिथं पेठेपेठेत तालमीचे संघ आहेत आणि शाहू स्टेडियम भरतं. मुलींच्या सामन्याला ते भरत नाही, हेही तितकंच खरं.

ताटातला खर्च

हा खर्च कुणी मांडत नाही, कारण तो किराण्यात मिसळून जातो. रोज दोन तास पळणाऱ्या मुलीला घरच्या जेवणावर महिन्याला दीड-दोन हजारांची भर लागते: अंडी, दूध, शेंगदाणे, उसळी, केळी, जमेल तिथं चिकन किंवा मासे. प्रोटीन पावडरचा डबा शाळकरी मुलीला नको. त्याच पैशात महिनाभराची अंडी येतात.

पाळी सुरू झाली की वर्षातून एकदा हिमोग्लोबिन आणि फेरिटिन तपासून घ्या. दोन्ही मिळून साधारण हजार रुपयांच्या आत-बाहेर होतात. आपल्याकडं मुलींमध्ये रक्त कमी असणं इतकं सर्रास आहे की दुसऱ्या हाफमध्ये दमणारी मुलगी ‘स्टॅमिना नाही’ म्हणून राखीव खेळाडूंत बसते आणि खरं कारण रक्तात असतं. पाळी लागोपाठ तीन महिने चुकली तर तेही अंगावर काढू नका. खाणं कमी आणि सराव जास्त झाला की असं होतं, त्यात हाडं ठिसूळ होतात.

गुडघ्याची शिल्लक

या सगळ्या हिशेबात सर्वात मोठा खड्डा एकाच ठिकाणी पडतो. गुडघ्याच्या आत एसीएल नावाचं लिगामेंट असतं. फुटबॉल खेळणाऱ्या मुलींमध्ये ते तुटण्याचं प्रमाण मुलांच्या दुप्पट-तिपटीच्या घरात आहे. बहुतेक वेळा धक्काही लागलेला नसतो: मुलगी पळता पळता दिशा बदलते किंवा हेडर मारून खाली येते, गुडघा आत वळतो, ‘टक्’ असा आवाज येतो. २०२३ च्या विश्वचषकाला इंग्लंडची कर्णधार लिया विल्यमसन, तिची सहकारी बेथ मीड आणि नेदरलँड्सची व्हिव्हियान मिडेमा याच दुखापतीनं मुकल्या. जगातली उत्तम मैदानं आणि उत्तम डॉक्टर हाताशी असताना त्यांची ही गत झाली.

आपल्याकडचा खर्च असा येतो. एमआरआय ४ ते ८ हजार. खासगी रुग्णालयात दुर्बिणीतून लिगामेंट पुन्हा बसवण्याची शस्त्रक्रिया दीड ते तीन लाख. त्यानंतर फिजिओथेरपी: एका वेळचे ५०० ते हजार, सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, पुढं कमी होत गेलं तरी सात-आठ महिने. मैदानावर परतायला निदान नऊ महिने लागतात. गुडघा दुखायचा थांबला म्हणून सहाव्या महिन्यात खेळायला लागणाऱ्या मुलींचं लिगामेंट पुन्हा तुटण्याचा धोका मोठा असतो. एकंदर तीन ते चार लाख गेले, म्हणजे आयडब्ल्यूएलमधलं वर्षाचं किमान मानधन गेलं, आणि हंगामही गेला.

हा खर्च टाळायचा सर्वात स्वस्त उपाय फुकट आहे. फिफाचा ‘११ प्लस’ नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप आहे: संथ पळणं, मांड्या आणि पोटाच्या स्नायूंचे व्यायाम, एका पायावरचा तोल, उड्या. नॉर्वेतल्या शाळकरी मुलींच्या संघांवर त्याची चाचणी झाली, तेव्हा दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या. व्हिडिओ इंटरनेटवर आहेत. मैदानाला दोन फेऱ्या मारून लगेच सामना सुरू करणाऱ्या प्रशिक्षकाला तो दाखवा. घरी एक गोष्ट स्वतः तपासा: मुलीला एका पायरीवरून खाली उडी मारायला सांगा आणि समोरून मोबाईलवर तिचा व्हिडिओ काढा. पाय टेकताना गुडघे एकमेकांकडं झुकत असतील, तर फिजिओकडं एक चक्कर मारा. तिथले पाचशे रुपये वाया जात नाहीत.

विम्याचंही आत्ताच बघा. घरच्या आरोग्य विम्यात खेळातल्या दुखापती वगळल्या आहेत का, आणि व्यावसायिक खेळाडू झाल्यावर अट बदलते का, हे कंपनीकडून लेखी घ्या. एजंटाच्या ‘सगळं कव्हर आहे’ला लेखी उत्तर समजू नका.

एकूण किती?

बारा ते एकोणीस, ही सात वर्षं धरू. साध्या क्लबात, महिना हजार फीवर: फीचे बारा हजार, बूट-कपडे पाच, वरचं खाणं वीस-बावीस, रोजचा प्रवास दहा-बारा, स्पर्धा आठ, औषधपाणी पाच. वर्षाचे साठ ते पासष्ट हजार, सात वर्षांचे साडेचार लाखांच्या आसपास. महागड्या अकादमीत, फिजिओ आणि बाहेरगावच्या स्पर्धा धरून, वर्षाचा आकडा एक लाख चाळीस हजारांवर सहज जातो. सात वर्षांत दहा लाख. गुडघा दोन्हींत धरलेला नाही.

खर्च उचलणाऱ्या दोन वाटा आहेत, त्या लवकर बघा. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिन्यांत राहणं, खाणं आणि प्रशिक्षण सरकारी असतं. चाचण्यांच्या तारखा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्याच्या कार्यालयात कळतात, आणि तिथं फोनपेक्षा समोर जाऊन उभं राहिलेलं बरं. दुसरी वाट खेलो इंडियाची. त्यात निवड झालेल्या खेळाडूला हातखर्चाचे महिना १० हजार मिळतात, प्रशिक्षण वेगळं. केंद्राच्या ‘अस्मिता’ लीग खास मुलींच्या आहेत, त्यात फुटबॉलही आहे. नजरेत यायची ती बरी जागा.

कागद

जन्मदाखला मूळ, पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा, जन्मानंतर लगेच नोंदलेला हवा. उशिरा नोंद झालेल्या दाखल्यावर वयोगटाच्या स्पर्धांत शंका घेतली जाते, मग मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय बघतात. महासंघाच्या संगणकीय नोंदणीत मुलीचं नाव कुठल्या क्लबच्या खात्यावर आहे हे माहीत असू द्या. क्लब बदलताना तिथंच अडतं. प्रत्येक स्पर्धेचं प्रमाणपत्र त्याच आठवड्यात हातात घ्या. तीन वर्षांनी सचिव बदललेला असतो आणि नवा म्हणतो, रजिस्टर सापडत नाही.

या प्रमाणपत्रांचं मोल पुढं कळतं. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे; कुठल्या गटाच्या पदाला कुठल्या दर्जाची कामगिरी लागते, हे शासन निर्णयात दिलेलं असतं, आणि क्रीडा खात्याकडून प्रमाणपत्राची पडताळणी करून घ्यावी लागते. दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, त्याचा अर्ज शाळेमार्फत वेळेत जायला हवा. रेल्वे, सशस्त्र सीमा बल आणि काही राज्यांची पोलिस दलं महिला फुटबॉलपटूंना नोकरी देतात. म्हणून राज्याच्या वरिष्ठ संघात निवड होणं आणि राजमाता जिजाबाई करंडकाची राष्ट्रीय स्पर्धा खेळणं हे क्लबच्या एका हंगामापेक्षा जास्त लाभाचं ठरू शकतं. नाव आपल्या जिजाऊंचं. करंडक बहुतेकदा मणिपूरला जातो.

करार हातात आला तर

चार पानी इंग्रजी कागद येतो, सोबत फोन: ‘उद्यापर्यंत सही करून पाठवा.’ एक दिवस मागून घ्या आणि सगळ्यात आधी अवधी बघा. पहिल्या पानावर वर्षाची रक्कम असते आणि तिसऱ्या पानावर करार पाच महिन्यांचा निघतो. मग ती रक्कम वर्षाची की पाच महिन्यांची, हे लिहून घ्या. मुलगी अठराच्या आतली असेल तर पालकाची सही लागते, आणि फिफाच्या नियमांप्रमाणे करार तीन वर्षांपेक्षा मोठा असू शकत नाही.

पुढचं कलम दुखापतीचं. ‘क्लब वैद्यकीय मदत करील’ या वाक्याचा काही उपयोग नाही. शस्त्रक्रियेचा खर्च कोण देणार, करार संपल्यावरही फिजिओ चालू राहणार का, आणि खेळत नसताना पगार मिळणार का, या तिन्हींची उत्तरं लेखी हवीत. राहणं, जेवण आणि घरी येण्याजाण्याचं भाडं पगारात की पगाराव्यतिरिक्त? परगावी खोली आणि मेस स्वतः करायची असेल तर २६ हजारांतले दहा-बारा तिथंच जातात. पैसे टीडीएस कापून येत असतील, तर आयकर विवरणपत्र भरा. एवढ्या उत्पन्नावर कापलेला कर साधारण परत मिळतो. दरवर्षी कित्येक मुली तो सोडून देतात.

पगार थकला तर? फिफाच्या नियमांत यावर स्पष्ट तोडगा आहे: दोन महिन्यांचा पगार थकला की खेळाडूनं लेखी कळवायचं, पंधरा दिवसांची मुदत द्यायची, तेवढ्यात पैसे नाही आले तर करार मोडायचा अधिकार तिचा. देशातल्या क्लबविरुद्धची तक्रार महासंघाच्या समितीकडं जाते, आणि खेळाडूंची संघटना एफपीएआय मदत करते. मात्र व्हॉट्सअॅपवर ‘सर, पेमेंट?’ असं वीसदा विचारणं म्हणजे नोटीस नव्हे, ईमेल करा.

प्रसूतीबद्दल आज बोलणं लवकरचं वाटेल, पण कराराशी त्याचाही संबंध आहे. २०२१ पासून फिफानं किमान चौदा आठवड्यांची, दोन तृतीयांश पगाराची रजा बंधनकारक केली आहे. आइसलंडची सारा ब्यॉर्क गुन्नार्सडॉटीर ही लिऑनसारख्या श्रीमंत क्लबशी भांडली आणि गर्भारपणातल्या पगाराचे ८२ हजारांहून जास्त युरो तिनं वसूल केले.

परदेशाचं गाजर

तिकडं पैसा वाढतो आहे, हे खरं. अमेरिकेच्या एनडब्ल्यूएसएलमध्ये २०१३ साली किमान पगार हंगामाला ६ हजार डॉलर होता, खेळाडू ओळखीच्या कुटुंबांत राहून दिवस काढत. २०२५ मध्ये तो ४८ हजार ५०० झाला, २०३० साठी ८२ हजार ५०० ठरला आहे. खेळाडूंच्या संघटनेनं वाटाघाटी करून हे मिळवलं.

आपल्या मुलीही गेल्या आहेत. मणिपूरची बाला देवी २०२० मध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सकडं, पंजाबची मनीषा कल्याण २०२२ मध्ये सायप्रसच्या अपोलोनकडं, तिथून चॅम्पियन्स लीगपर्यंत. दोघीही आधी भारतीय संघात आणि आयडब्ल्यूएलमध्ये वर्षानुवर्षं गोल करून मग गेल्या. गोलरक्षक अदिती चौहान वेगळ्या वाटेनं गेली: इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकायला, आणि तिथं राहून वेस्ट हॅमच्या महिला संघाकडून खेळली. मध्यमवर्गीय मराठी घराला ही वाट जास्त झेपणारी आहे, कारण गुडघा गेला तरी पदवी राहते.

मधेच कुणीतरी भेटतो. स्पेनमध्ये ट्रायल, दोन आठवडे, साडेतीन लाख, ‘स्काउट येणार आहेत’. पैसे भरून मिळते ती सहल. ज्या क्लबला खेळाडू हवी असते, तो सामन्यांचे व्हिडिओ मागतो आणि बोलावलंच तर खर्चाचं स्वतः बोलतो. शिवाय अठरा वर्षांखालच्या खेळाडूची परदेशी क्लबात बदली, मोजके अपवाद सोडले तर, फिफाच्या नियमांतच बसत नाही; सोळा वर्षांच्या मुलीला ‘तिकडं साइन करतील’ म्हणणारा तुम्हाला फसवतोय किंवा त्याला नियम माहीत नाहीत. एजंटाकडं फिफाचं लायसन्स असावं लागतं आणि परवानाधारकांची यादी फिफाच्या संकेतस्थळावर आहे, नाव घालून बघा. त्याचं शुल्क करार झाल्यावर द्यायचं असतं. आगाऊ ‘प्रोसेसिंग फी’ मागितली की फोन ठेवा. मुलीचे दहा-बारा पूर्ण सामने मोबाईलवर, उंच जागेवरून, ती दिसेल असे टिपून ठेवा. नुसत्या गोलांच्या तुकड्यांवर कुणी निर्णय घेत नाही. पासपोर्ट मात्र काढून ठेवा, कारण भारतीय वयोगट संघाचं शिबिर लागलं तरी तो आधी मागतात: अल्पवयीन मुलीला हजार रुपये, मोठीला पंधराशे.